नाक हलकं करा

देवापुढे हात जोडून माणसं काय काय मागतात! कुणी लेकरू मागतं, कुणी बरकत, कुणी नुसती रात्रीची झोप. कॅप्टनबाई रोज सकाळी बोटीचं इंजिन चालू करायच्या आधी डोळे मिटून एकच मागणं मागायची : "देवा, शेठला सुबुद्धी देऊ नकोस. द्यायचीच असेल तर आधी माझी न् त्याची गाठ घालून दे." मग डोळे उघडून किल्ली फिरवायची. लबाडीच्या मागण्यांना गुळाचा लेप लावून देवाला फसवणारे पुष्कळ. हिचं मागणं निदान सरळ होतं.

बोटी विकणाऱ्या यार्डात ती चाचणीवर होती. गिऱ्हाईक आलं की त्याला बोटीत बसवायचं, बंदराच्या तोंडापर्यंत न्यायचं, लाटेवर दोन उड्या मारून दाखवायच्या आणि हसत परत आणायचं. म्हणून ती कॅप्टनबाई. यार्डात बोटी दोन जातीच्या. एक कॅटामरान, म्हणजे दोन सडसडीत तळ शेजारी शेजारी आणि वर मिळून एकच डेक. तिला सगळे 'जोडी' म्हणत. दुसरी खोल व्ही तळाची, अर्धवट उघडलेलं पुस्तक कण्यावर उभं करावं तशी, ती 'सुरी'. "जोडी पाण्यावर बसते, सुरी पाण्यात शिरते," एवढं सांगितलं की निम्म्या गिऱ्हाइकांना कळायचं. उरलेल्यांना गाद्यांचा रंग दाखवावा लागायचा.

तिचे वडील याच बंदरातले मिस्त्री. बोटीचे तळ बांधण्यात त्यांची हयात गेली. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरायचे, आणि लहानपणी पोरीला वाटायचं की रेघ श्वासानेच सरळ येते. शेठचा धंदा बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना सामान पोचवण्याचा. जाताना भाजीपाला, पाणी, सिलिंडरं. येताना रिकामी नाहीतर सांडपाण्याने भरलेली पिंपं, भिजलेले मनगटाएवढे दोर, साखळ्या, भंगार. मिस्त्रींनी त्याला एक सुरी बांधून दिली होती. एका दुपारी ओहोटी लागलेली, मागून लाटा चढत असलेल्या, आणि बंदराच्या तोंडात ती नाव आपोआप गर्रकन आडवी वळली. शेठच्या बायकोचा भाऊ पुढे उभा होता. त्याचा उजवा पंजा पिंप आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. बोटं वाचली, पण मूठ मिटणं कायमचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर हमाल, तांडेल, जाळीवाले अशा सगळ्यांच्या देखत शेठने मिस्त्रींकडे हात केला. "नाव वाकडी आहे! ह्यानं वाकडी बांधली! सरळ जातच नाही, मेली वळते!"

मिस्त्री म्हणाले, "मोजून बघू."

एवढंच. भांडण हे हत्यार त्यांच्या पेटीत कधी नव्हतंच. दोरी आणि ओळंबा घेऊन ते परत येईतो शेठने नाव कुऱ्हाडीने फोडून तिचा ढीग केला होता. रागाच्या भरात, असं लोक म्हणाले. बायकोच्या भावाला लागलंय, माणूस पेटणारच. नाचता येत नाही तो अंगणाला वाकडं म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक असतं हो. पण अंगणच उखडून टाकलं तर ते आधी सरळ होतं हे दाखवायचं कुणी आणि कसं?

तेव्हापासून ते 'वाकडे मिस्त्री'. बोट कुणी बांधायला देईना. ते दारं-खिडक्या करू लागले, आणि दार न्यायला आलेला माणूसही जाता जाता म्हणायचा, "वाकडं नाही ना हो मिस्त्री?" मिस्त्री हसायचे. पोरगी हसायची नाही. आतल्या खोलीत उभी राहून ती प्रत्येक चेहरा नीट बघून ठेवायची. पण ते सगळे किरकोळ. मुळाशी एकच.

नाव का वळली हे तिला बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं. शेठच्या धक्क्याला पायऱ्या अरुंद, बोट नाकानेच लावायची. मागचा माल पुढे ओढून उतरवायला माणसं जास्त लागतात, म्हणून शेठ सगळा भार नाकावरच घालायला लावायचा. मागून लाट आली की बोटीची शेपूट वर आणि नाक खाली. त्यात नाकावर ढीगभर लोखंड. नाक पाण्यात रुतलं की तेच सुकाणू होऊन बसतं, आणि खरं सुकाणू मागे हवेत वळवळत राहतं.

"मग हे शेठला कळत नाही?" पोरीने विचारलं होतं.

"नसेल कळत," बाबा म्हणाले. "प्रत्येकाला सगळं कळत नाही, बाळा." बाबांना सगळं जग अडाणी वाटायचं, लबाड कुणीच नाही. देव अशी माणसं घडवतो आणि मग त्यांना आमच्यासारख्यांत पाठवतो. त्याचं गणित त्यालाच माहीत.

तर असा हा शेठ एके दिवशी यार्डाच्या फाटकातून आत आला. अंगाने सुटलेला, बोटांत तीन अंगठ्या, मागे त्याची माणसं आणि मेव्हणे. मेव्हणे म्हणजे तोच, ज्याचा पंजा गेला तो. शेठ त्याला हाक मारायचा म्हणून आता अख्खं बंदर त्याला मेव्हणेच म्हणत असे, पोरंसोरंसुद्धा. मिस्त्रींच्या दारावरून जाताना हे मेव्हणे इतकी वर्षं मान फिरवून जात आले होते.

"अरे, मिस्त्रीची पोरगी ना तू?" शेठ म्हणाला. "बरं झालं, मार्गाला लागलीस. म्हातारा काय करतो?"

"दारं करतात."

"दारं बरी! दार कुठे पाण्यात जातंय!"

तो हसला. गिऱ्हाइकाचं हसू एकटं पडू नये म्हणून मॅनेजरही हसला. कॅप्टनबाईने खिशातल्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या आणि मनात म्हणाली, देवा, ऐकलंस एकदाचं.

"आता सांग," शेठ खुर्चीत रुतत म्हणाला, "जोडी घेऊ की सुरी? एक म्हणतो जोडी घे, डेक रुंद, जहाजाला लावली की हलत नाही. दुसरा म्हणतो सुरी घे, भार सोसते, लाट कापते. माझं डोकं दोघांनी मिळून खाल्लंय."

प्रश्न खरा होता, आणि उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. जोडी जहाजाच्या कडेला टेबलासारखी उभी राहते, पण जास्त भार घातला की तिचं पोट पाण्याला टेकतं आणि लाट खालून बुक्के मारते. सुरी भार घेते, लाट मऊ करते, पण उभी राहिली की पाळण्यासारखी डुलते. आणि ज्याला माल नाकावरच घालायचा आहे, तो माणूस दोन्ही बोटींच्या लायकीचा नाही.

आता इथे कुणी म्हणेल, सोपं होतं की! चुकीची बोट गळ्यात मारायची आणि किनाऱ्यावर बसून गंमत बघायची. तो विचार तिच्याही मनात आला. तिने त्याला बसायला पाटसुद्धा दिला. पण मग लगेच उठवला. चुकीच्या बोटीत शेठ आपटला असता तर काय म्हणाला असता? बोट वाकडी. पुन्हा तोच सुटला असता. नाही. तिला शेठ बुडायला नको होता. तिला त्याचं तोंड हवं होतं. साच्यात ओतलेली, यंत्राने कोरलेली, केसाइतकाही फरक नसलेली कारखान्याची सुरी, तिच्यात बसून, तसाच भार नाकावर घालून, चार माणसांदेखत शेठने ओरडायला हवं होतं, "वाकडी आहे!" मग बंदर हसलं असतं. बाबांवर हसलं त्याहून मोठ्याने.

"दोन्ही चालवून बघा," ती म्हणाली. "पण रिकाम्या नको. तुमचा माल भरा, तुमच्या माणसांनी, तुमच्या पद्धतीने."

मॅनेजरने तिला बाजूला ओढलं. "बाई, वेड लागलंय का? चाचणी रिकाम्या बोटीची करतात. भरलेली बोट दाखवली तर घेईल कोण?"

"रिकाम्या पोटी सगळेच गुणी असतात, साहेब. जेवल्यावर कळतं कोण घोरतं ते."

शेठला ते ऐकू गेलं आणि आवडलं. "बरोबर बोलली! माझाच माल घालू. उद्या दुपारी."

"दुपारीच या," ती म्हणाली. "ओहोटी असते."

संध्याकाळी बाबा अंगणात एका चौकटीला रंधा मारत होते. तिने सगळं सांगितलं; म्हणजे शेठला ओरडायला लावायचंय तेवढं सोडून सगळं. बाबांनी भुसा फुंकला.

"काय सांगणार त्याला?"

"खरं तेच."

"तुझ्या 'खरं'ची मला भीती वाटते," ते म्हणाले. "सोड ना पोरी. माझी आता दारांशी मैत्री झालीय. दार उघडतं, लागतं, उगाच कुठे जात नाही."

"तुमची झालीय. माझी नाही."

बाबांनी रंधा पुन्हा लावला. पण त्या रात्री जेवताना ते दोनदा म्हणाले की वाऱ्याचा जोर वाढतोय. आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते काळजीसारखं अजिबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसांनी माल आणला. पाण्याने भरलेली पिंपं, भिजके दोर, गंजकी साखळी. मेव्हणे डाव्या हाताने खुणा करत होते आणि सगळं एकापाठोपाठ एक नाकावर जात होतं. "मागे नको?" कॅप्टनबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"उतरवायला सोपं पडतं," शेठ म्हणाला. "मी काय आज धंदा करतोय?"

आधी जोडी नेली. बंदराच्या आत सगळं लोण्यासारखं. बंदराच्या तोंडाशी समोरून लाटा आल्या तशी भाराने खाली बसलेली जोडी खालून वाजू लागली. धाड, धाड. तळमजल्यावरचा भाडेकरू छताला झाडू मारतोय असं.

"खाली कोण आहे रे?" शेठ ओरडला.

"पाणी आहे, शेठ. भार कमी केला तर गप्प बसतं."

पण बाहेर एका उभ्या जहाजाच्या कडेला बोट नेली तेव्हा तीच जोडी अशी थबकली की शेठने हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि तो सांडला नाही. शेठ खूश झाला. परत येताना नाकाने थोडं पाणी उडवलं, दोन तळांमधून फवारा आला, मॅनेजर चिंब झाला. पण पाय फाकवून उभं असलेलं जनावर एकाएकी लोळत नाही. शेठ म्हणाला, "आवाज सोडला तर बरी आहे."

मग तोच माल तसाच सुरीच्या नाकावर चढला, आणि मालापाशी मेव्हणे उभे राहिले. जाताना सुरीने समोरच्या लाटा सपासप कापल्या. आवाज नाही, हिसका नाही. शेठ मान डोलवू लागला. जहाजाशी उभी राहिल्यावर मात्र ती अशी डुलू लागली की शेठचा एक माणूस कठड्यावर ओणवा होऊन सकाळचा नाश्ता समुद्राला परत देऊन आला.

"आता घरी," शेठ म्हणाला.

"आता घरी," कॅप्टनबाई म्हणाली, आणि तिने बोटीचं तोंड बंदराकडे केलं.

बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, वारा आत रेटतो, आणि दोघांच्या झटापटीत लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. भार मागे असलेल्या बोटीला त्यात काही नाही. लाटेच्या पाठीवर बसून ती आत येते. नाकावर भार असेल तरी, अनुभवी हात इंजिनाचं थ्रॉटल खेळवून निभावून नेतो. कॅप्टनबाईचा हात तसाच होता. तिने तो खेळवला नाही. ज्या जागी द्यायची तिथे तिने गती काढून घेतली.

मागून लाट आली. शेपूट उचलली गेली. नाक खाली गेलं, रुतलं, आणि बोट उजवीकडे वळू लागली.

तिने सुकाणूचं चाक धरून ठेवलं, आणि डोळे शेठच्या तोंडाकडे लावले. म्हण. म्हण ना. बोट आणखी वळली; आडव्या लाटेने कठडा पाण्याला लावला; मॅनेजर कुठल्याशा देवाला नारळ कबूल करू लागला. आता सावरायला हवं होतं. तिने आणखी एक श्वास वाट बघितली. बाबा रेघ ओढताना रोखायचे, तेवढा.

शेठचं तोंड उघडलं.

"पिंपं मागे ओढा!" तो किंचाळला. "मागे! नाक हलकं करा! अरे नाक हलकं करा, नाहीतर पुन्हा तसंच होईल!"

कॅप्टनबाईला क्षणभर कळेच ना. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी कान लावून बसली होती, तो आलाच नव्हता. दुसराच आला होता. तिचा हात आपोआप पुढे गेला, इंजिन गर्जलं, नाक उचललं गेलं, माणसांनी दोर आणि पिंपं मागे ओढली, आणि तीच सुरी, तीच लाट, तीच दुपार. बोट रेघेसारखी सरळ आत आली.

 फक्त एक पिंप डेकवर हळूहळू घरंगळत होतं. ते अडवायला कुणी हात लावला नाही, कारण ज्यांनी लावायचा ते मेव्हणे तसेच उभे राहिले होते. तोंड पांढरंफटक, न मिटणारा पंजा छातीशी धरलेला.

"दाजी," ते म्हणाले. "पुन्हा म्हणजे?"

"काय पुन्हा?"

"पुन्हा तसंच होईल म्हणालात. कसं होईल?"

"अरे भीतीनं तोंडातून गेलं काहीतरी."

"तोंडातून नाही गेलं, दाजी. पोटातून आलं."

शेठने आजूबाजूला पाहिलं. सगळी माणसं त्याचीच होती, आणि त्यातलं एकही त्याच्याकडे बघत नव्हतं. तेव्हा कुठे कॅप्टनबाईच्या डोक्यात उजेड पडला. ती ह्याला अडाणी समजत आली होती. अडाणी माणूस नाव फोडत नाही, मोजू देतो. दोरी-ओळंबा यायच्या आत कुऱ्हाड चालवतो तो सगळं जाणून असतो. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भार आपण घातला, म्हणजे पंजा आपण चेचला, आणि बायकोला हे कळलं तर घरात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून त्याने बंदरातला सगळ्यात मुका माणूस शोधला आणि त्याच्या गळ्यात ते बांधलं.

तिने हसायला हवं होतं. हसू आलंही. पण धक्क्याला बोट लावून ती दोर बांधत होती तेव्हा मेव्हणे तिच्यापाशी येऊन उभे राहिले.

"तू मुद्दाम वळवलीस ना?"

"हो."

"मी पुढेच उभा होतो."

तिने दोर आणखी आवळला.

"भांडण तुझं न् त्याचं," मेव्हणे म्हणाले. "हात माझा." आणि पायऱ्या चढून गेले.

आता बघा, सुडाची गोळी नेमकी लागली तरी दणका खांद्याला बसतोच. इतकी वर्षं तिने शेठचा चेहरा जपून ठेवला होता, बाबांवर हसणाऱ्यांचे चेहरे जपले होते. पुढे कोण उभं राहणार, हे काही तिने बघितलं नव्हतं. दोराची गाठ तिने सोडली आणि पुन्हा बांधली. मग मॅनेजरचं ओरडणं ऐकायला न थांबता मेव्हण्यांच्या मागे निघाली, माफी मागायला. पण मेव्हणे घराकडे वळलेच नाहीत. ते तिच्याच घराकडे चालले होते.

बाबा चौकटीला खिळे मारत होते. दारात सावली पडली तरी त्यांनी मान वर केली नाही. "दार हवंय की खिडकी?"

"मिस्त्री," मेव्हणे म्हणाले, "नाव सरळ होती."

हातोडी थांबली. "मला माहीत होतं."

"मला नव्हतं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग पंज्याकडे. एक स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बसा. पाय वाकडे नाहीत त्याचे."

मेव्हणे बसले आणि रडू लागले. बाबांनी ते दिसत नसल्यासारखं केलं. उरलेले खिळे मारून संपवले. कॅप्टनबाई कुंपणापाशीच उभी राहिली. तिथे तिच्या माफीला जागा नव्हती. ती तिने नंतर मागितली, आणि मेव्हण्यांनी ती लगेच दिली नाही, हेही सांगायला हवं.

पण मेव्हण्यांनी एक केलं. दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर त्याच जागी उभे राहिले, जिथे शेठने हात केला होता, आणि आल्या-गेल्याला सगळी हकीकत सांगू लागले. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. शेवटी फक्त म्हणायचे, "पुन्हा म्हणाला." त्या एका शब्दाला पाय फुटले. शेठने चहावाल्याकडे दुसरा कप मागितला की बाकावरचा कुणीतरी म्हणायचा, "पुन्हा?" शेठ शिंकला की हमाल विचारायचे, "शेठ, पुन्हा?" एका तांडेलाने तर भर बाजारात त्याला थांबवून फार काळजीने विचारलं, "शेठ, नाक कसं आहे आता? हलकं झालं का?" शेठच्या बायकोने भावाला घरी बोलावून त्याचा पंजा दोन्ही हातांत धरला, आणि त्यानंतर नवऱ्याचं ताट वाढताना ती एक अक्षर बोलेनाशी झाली म्हणतात.

कॅप्टनबाईने हे सगळं कान भरून ऐकलं. गोड लागलं. खोटं कशाला बोलावं? देवाचं नाव घेणाऱ्यांनीही सूड गोड लागतो हे कबूल करावं. नुसतं पोटाला पचतो का, तेवढं ज्याचं त्याने बघावं.

पुढच्या आठवड्यात शेठ यार्डात आला. एकटाच. अंगठ्या होत्या, पण हात खिशात.

"कुठली घेऊ?" त्याने विचारलं. "आता खरं सांग."

"तेव्हाही खरंच सांगितलं असतं. जोडी घ्या. जहाजाच्या कडेचं काम तुमचं. तिथे तीच उभी राहील. पण भार निम्मा. आणि मधोमध. नाकावर दोरसुद्धा नको."

"म्हणजे दोन फेऱ्या."

"दोन फेऱ्या."

"आणि चालवायला? मेव्हणा गेला. माणसंही गेली." त्याने घसा खाकरला. "तू येशील? मागशील ते देईन."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हे तोंड हवं होतं तिला; असंच, असंच खाली झुकलेलं. तिने ते पुरतं बघून घेतलं, आणि म्हणाली, "बोट सरळ आहे, शेठ. तुम्हीच चालवा."

शेठने जोडी घेतली. आठवडाभर ती त्याच्या अरुंद पायऱ्यांपाशी नाक टेकून नुसती उभी होती. तिच्यात पाय ठेवायला बंदरात माणूस मिळेना. शेवटी एका सकाळी तो स्वतःच उतरला.

त्या दिवशी कॅप्टनबाईने बाबांना हट्टाने धक्क्यावर नेलं होतं. यार्डाच्या मॅनेजरला एका जुन्या तळाची दुरुस्ती करून हवी होती आणि त्याने स्वतः निरोप धाडला होता, "मिस्त्रींना विचारा". नुसतं मिस्त्री, पुढे-मागे काही नाही. पण तळ बघायच्या आधी बाबांची नजर पलीकडे गेली. शेठ पायऱ्यांवरून एकेक पिंप कवेत धरून नाकावर उतरवत होता, आणि मग तेच पिंप छातीशी कवटाळून, धापा टाकत, तोल सावरत मधोमध नेत होता. शर्ट पाठीला चिकटला होता. एक पिंप पायावर पडलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पाय चोळला आणि पुढचं उचलायला गेला.

बाबा बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कणव दाटून आली. ती कुठेही यायचीच.

"पिंप असं उचलायचं नसतं," ते म्हणाले. "आडवं करून पायाने लोटायचं. आपोआप जातं."

"मग सांगा त्याला," कॅप्टनबाई म्हणाली.

बाबा एक पाऊल पुढे झाले. थांबले. शेठने तेवढ्यात आणखी एक पिंप मिठीत घेतलं होतं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "पाठ दुखली की कळेल."

आणि तळ बघायला वळले.